आतड्यांतील संप्रेरके, हृदयविकार आणि मराठवाड्याची क्षुधा

क्षुधा मंदावणारी औषधे मराठवाड्यासारख्या प्रदेशात येतात, तेव्हा त्यांच्या गुणांबरोबरच त्या प्रदेशाच्या उपासमारीचा इतिहासही विचारात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात या दोन इतिहासांचा संबंध संक्षेपाने पाहावयाचा आहे.

१९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी असे दाखविले की, आतड्याच्या अस्तरातून रक्तात मिसळणारे एक द्रव्य स्वादुपिंडास पाचक रस स्रवण्याची आज्ञा देते. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. पुढे १९८३ मध्ये ग्लुकागॉनच्या जनुकाचे वाचन होत असता जीएलपी-१ हे संप्रेरक ज्ञात झाले. ते इन्शुलिनचा स्राव वाढविते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. आणि मेंदूवर क्रिया करून ते अन्नसेवनही कमी करते, असे १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. तथापि हे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटांत नष्ट होत असल्याने त्याचे औषध करणे अवघड होते. अमेरिकेतील गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन एंग यांना त्याच्याशी साम्य असलेला, पण अधिक काळ टिकणारा पदार्थ आढळला. त्यावरून सिद्ध झालेल्या औषधास २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

हृदयविकाराशी या औषधांचा संबंध जुळला तो वेगळ्याच कारणाने. मधुमेहाच्या एका दुसऱ्या औषधाने हृदयास अपाय होतो, अशी शंका निघाल्यामुळे अमेरिकेतील नियामकांनी २००८ पासून नव्या औषधांची हृदयासंबंधीची निर्धोकता सिद्ध करणे आवश्यक केले. निर्धोकतेचा पुरावा शोधताना लाभाचा पुरावा हाती आला. २०१६ मध्ये ९,३४० मधुमेही रुग्णांवरील चाचणीत लिराग्लुटाइडमुळे हृदयविकार, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये मधुमेह नसलेल्या, परंतु स्थूल व हृदयरोगी अशा १७,६०४ व्यक्तींवर सेमाग्लुटाइडची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत अशा घटनांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आले.

परंतु या चाचणीत घेतलेल्या व्यक्तींचा देहभारांक २७ किंवा त्याहून अधिक होता आणि पाचांपैकी चारांहून अधिक व्यक्ती श्वेतवर्णीय होत्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो आढळले. मात्र वजन कमी असूनही पुण्याकडील बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. घट झाली होती ती मुख्यतः स्नायूंची. दिसावयास कृश असलेला देह आतून चरबीयुक्त असू शकतो, हा यातील निष्कर्ष होय.

नांदेड-लातूरकडे पाहता या निष्कर्षास विशेष अर्थ येतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यात दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर होते. मिलो आणि सुकडी यांवर असंख्य कुटुंबे जगली. त्या वेळी गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून हृदयविकाराच्या वयात आली आहे. १९४४-४५ च्या डच दुर्भिक्षात गर्भात असलेल्यांची ग्लुकोज पचविण्याची शक्ती पन्नाशीत क्षीण झाल्याचे आढळले होते. हेच येथेही घडले असेल, असे अनुमान त्यावरून थेट काढता येणार नाही. परंतु प्रश्न मात्र निश्चितच उद्भवतो.

भारतात सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. त्यामुळे हे औषध स्वस्त होऊन जिल्ह्याच्या गावी पोचण्याचा मार्ग मोकळा होतो. या औषधाने घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही अंश असतो. ज्यांचे स्नायू जन्मतःच तुटपुंजे आहेत, त्यांच्या बाबतीत लाभ-हानीचा हिशेब निराळा ठरू शकेल. नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील रुग्णांची वये, जन्मकाळचा दुष्काळ, कंबरेचा घेर व स्नायुबल यांची पद्धतशीर नोंद झाल्यास या हिशेबास आधार मिळेल. परक्या देहांवर ठरविलेले माप येथील देहांस लावण्यापूर्वी ते तपासून घेणे, हे वैद्यकाचे तसेच इतिहासाचेही कार्य होय.