पिशवीची शिलाई आणि शिलाईचे मोल

वाचकहो, तुमच्या घरात दाराशी किंवा स्वयंपाकघरात, खुंटीला एक तरी कापडी पिशवी टांगलेली असेल. कुणाच्या जुन्या लुगड्याची, कुणाच्या विटक्या पडद्याची. बाजाराच्या दिवशी ती खाली उतरते आणि संध्याकाळी पुन्हा खुंटीवर जाते. इतिहासाच्या पुस्तकात हिला जागा नाही. तिथे लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. पण तहाचा कागद ज्यातून गेला तीही शिवलेली पिशवीच होती. राजाच्या पत्राला आपण खलिता म्हणतो. मुळात हा शब्द पत्राचा नव्हे, पत्र ज्या थैलीत घालून पाठवीत त्या थैलीचा. थैलीचे नाव पत्राला चिकटले आणि थैली विसरली गेली!

शाळेतल्या मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचेही काहीसे तसेच आहे, फक्त उलट्या दिशेने. दफ्तर म्हणजे सरकारी कागदपत्रांचा संग्रह. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडात बांधून ठेवलेले असत आणि त्या बासनांना 'रुमाल' म्हणत. पुढे मुलांची पाटी-पुस्तके ज्यात बांधायची त्या फडक्याला आणि मग शिवलेल्या पिशवीला दप्तर हे नाव मिळाले. शिक्षकबंधूंनी वर्गात एकदा हे सांगून पाहावे. पाठीवरच्या ओझ्याकडे मुले जरा वेगळ्या नजरेने पाहतील.

आपल्या भाषेत पिशवीला किती नावे आहेत पाहा. पानतंबाखूची ती चंची, कमरेला बांधायचा पैशांचा तो कसा, आजीच्या औषधांचा तो बटवा, खांद्यावर दोन्हीकडे लोंबणारी ती पडशी, भिक्षेकऱ्याची ती झोळी, धान्याची ती गोणी. इतकी नावे उगाच पडत नाहीत. प्रत्येकीचा बेत निराळा, तोंड निराळे, शिवण निराळी. चंचीला एकात एक कप्पे आणि गुंडाळायला दोरी. पडशीला दोन तोंडे, म्हणजे पुढचे ओझे मागच्या ओझ्याला तोलून धरते.

यांपैकी पुष्कळशा वस्तू घरातल्या बायकांच्या हातच्या. दुपारची कामे आटोपली की चिंध्यांचे गाठोडे सोडायचे आणि सुई-दोरा घेऊन बसायचे. गोधडी, दुपटी, पिशव्या त्यातूनच निघत. शिंपी होता, गावोगावच्या अलुतेदारांत त्याचे नाव येते, आणि त्याच्या शिलाईचे मोल ठरलेले असे. घरच्या शिलाईचे मोल मात्र कुणी ठरवले नाही. तीच सुई, तोच दोरा, पण एका हाताला मजुरी आणि दुसऱ्या हाताला फार तर शाबासकी. आजच्या आपल्या विषयाची खरी गाठ इथे आहे.

ती गाठ सैल व्हायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही विधवांच्या प्रश्नातून. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले, तेथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणाचेही वर्ग होते. आज शिवणवर्ग म्हटले की लग्नाआधी मुलीने करायची एक गोष्ट, असे आपल्याला वाटते. त्या काळी त्याचा अर्थ फार कठोर होता. दिराच्या किंवा भावाच्या घरी दोन वेळच्या अन्नासाठी राबणाऱ्या बाईला स्वतःच्या कमाईचा पैसा हातात धरता यावा, हा तो अर्थ. माझ्या मते या संस्थांच्या इतिहासात भाषणांची आणि ठरावांची चर्चा जास्त झाली, शिवणाच्या खोलीची कमी झाली.

याच सुमारास शिवणयंत्र आपल्याकडे रुळत होते. एलियस हौ या अमेरिकन माणसाने त्याचे पेटंट १८४६ साली घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ साली. सिंगरच्या कंपनीने यंत्र हप्त्यांवर विकण्याची युक्ती काढली आणि ते जगभर गेले. आपल्या देशात ते आधी शिरले शिंप्याच्या दुकानात, घरात पुष्कळ मागाहून. गांधीजी यंत्रांचे विरोधक म्हणून ओळखले जातात. पण १९२४ साली त्यांना याविषयी छेडले तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून खुशाल मान्यता दिली. बायकोचा त्रास वाचावा म्हणून सिंगरने ते केले, अशी त्यांची समजूत होती. सिंगर काही इतका प्रेमळ गृहस्थ नव्हता, पण ते असो. १९३६ साली कलकत्त्यास 'उषा' हे देशी यंत्र तयार होऊ लागले, आणि स्वातंत्र्यानंतर पायमशीन मध्यम घरांत दिसू लागले.

यंत्र घरात आले, तरी मोलाचा प्रश्न सुटला का? त्यासाठी अहमदाबादेकडे पाहू. तिथल्या गिरण्यांतून उरलेल्या चिंध्या व्यापारी घेत आणि घरोघरच्या बायकांना शिवायला देत. त्या चिंध्या जोडून बायका गोधड्यांच्या खोळी शिवीत. मशीन बाईचे, जागा बाईची, दोरासुद्धा पुष्कळदा तिच्याच पैशाचा. मजुरी मात्र नगामागे व्यापारी सांगेल ती. इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना काढली तेव्हा नोंदणी करताना अडचण आली ती अशी : या बायकांना मालकच नाही, मग कामगार संघ कुणाविरुद्ध? नोंदणी अखेर झाली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची बँकही उभी केली. घरात बसून माल करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेगळा करार केला तो १९९६ साली. चोवीस वर्षे मध्ये गेली!

आता पुन्हा आपल्या पिशवीकडे येऊ. वाण्याकडे जायचे ते घरची पिशवी घेऊन, आणि वाणी रद्दीच्या कागदात पुडी बांधून देणार, असा रिवाज होता. १९६५ मध्ये स्वीडनमधल्या एका कंपनीने कानाच्या अखंड प्लॅस्टिक पिशवीचे पेटंट घेतले. ती आपल्या बाजारात पोचली, फुकट मिळू लागली, आणि खुंटीवरची पिशवी खुंटीवरच राहिली. फुकटाचा हिशेब चुकता झाला तो २६ जुलै २००५ रोजी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडण्याची कारणे अनेक होती, पण गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांकडे तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. पुढे महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. महिला बचत गटांकडे कापडी पिशव्यांची विचारणा वाढली. ज्यांच्याकडे मशीन होते त्यांना काम मिळाले.

पण लगोलग कापडासारखी दिसणारी एक पिशवी बाजारात पसरली. हाताला खरबरीत, रंगाने झकपक, आणि किमतीला स्वस्त. ती सुताची नव्हे, प्लॅस्टिकच्या तंतूंची. राज्याच्या २०१८ च्या बंदीत तिचेही नाव होते. ओळखायची असेल तर कडेचा एक धागा उसवून पाहा. विणलेल्या कापडातून ताणाबाणा सुटा होतो, हिच्यातून होत नाही. गटातल्या बाईची खरी स्पर्धा हिच्याशी आहे, आणि गिऱ्हाईक भाव विचारताना हिचाच भाव मनात धरून विचारते.

म्हणून हिशेब मांडायला हवा. ३६ इंच पन्ह्याचे मांजरपाट एक मीटर घ्या. त्यातून ३५ इंच लांब व १५ इंच रुंद असे दोन तुकडे निघतात; मध्ये दुमडले की प्रत्येकाची सुमारे १६ इंच उंच, १४ इंच रुंद पिशवी होते. उरलेल्या नऊ इंचांत चार-चार इंचांच्या दोन पट्ट्या निघतात, त्या मधोमध कापल्या की दोन्ही पिशव्यांचे चारही बंद तयार. चिंधी म्हणून उरते ती इंचभर. आता समजा, कापड ६० रुपये मीटर पडले आणि पिशवीमागे दोन रुपये दोऱ्याचे. मालाचे झाले ३२. दुकानदार ४० रुपये देतो म्हणाला तर आठ रुपये उरले, आणि बेतण्यापासून घडी घालण्यापर्यंत वीस मिनिटे लागली असतील तर तासाला २४ रुपये सुटले. त्यातच तेल, सुई, मशीनची झीज. गटाच्या वहीत कापडाचा रकाना असतो, दोऱ्याचा असतो, शिलाईचा बहुधा नसतो. 'उरले ते आपले' असे म्हणून पान उलटले जाते. वर्गात हेच गणित घालायचे असेल तर शिलाईचा रकाना आधी आखावा, तासाची मजुरी आधी लिहावी आणि मग मुलांना पिशवीची किंमत काढायला सांगावी. आणि प्रत्यक्ष शिवायची असेल तर मांजरपाट बेतण्याआधी भिजवून वाळवून घ्यावे, कारण ते आटते. आटल्यावर पन्हा भरतो का ते पाहून मगच पिशवीची उंची धरावी. आणि बंद जिथे जोडायचा तिथे नुसती एक टीप न मारता चौकोन करून मध्ये फुली घालावी. ओझे सगळे तिथेच येते.