रिकिबीतून उतरलेली टाच

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे एक पूर्णाकृती चित्र आहे. इयासँत रिगो या चित्रकाराने ते १७०१ साली रंगवले. राजा तेव्हा साठीच्या पुढे गेलेला. डोक्यावर कुरळ्या केसांचा भरघोस टोप, कमरेला तलवार, अंगावर पांढऱ्या लोकरी कातड्याचे अस्तर लावलेला निळा झगा. पण पाहणाऱ्याची नजर खिळते ती राजाच्या पायांवर. झगा मुद्दाम एका बाजूला सारलेला आहे, पांढऱ्या रेशमी मोज्यांतले पाय मांडीपर्यंत दिसत आहेत, आणि पायांत लाल, उंच टाचांचे बूट आहेत. आजच्या कोणालाही हे चित्र दाखवा, तो हसून म्हणेल, "राजेसाहेबांनी बायकांचे बूट घातलेले दिसतात!" वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. राजाने बायकांचे बूट घातलेले नाहीत. बायकांनीच पुढे राजाचे बूट घातले.

उंच टाचेचा जन्म ना राजवाड्यात झाला, ना नटण्यामुरडण्याच्या खोलीत. तो झाला घोड्याच्या पाठीवर. इराणचे घोडेस्वार धनुर्विद्येबद्दल नावाजलेले होते. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभे राहून बाण सोडायचा तर पाय पक्का रोवलेला हवा. बुटाला टाच असली की ती रिकिबीच्या दांडीला अडते, पाऊल पुढे सरकत नाही आणि दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहतात. म्हणजे टाच हे शोभेचे लेणे नव्हते; ते स्वाराचे हत्यार होते. आपणही 'घोड्याला टाच मारली' असे आजतागायत म्हणतो. आपल्या भाषेतले रिकीब, जीन, लगाम हे शब्दही फारसीतूनच आलेले. यात नवल नाही. इराणी आणि अरबी घोडे होर्मुझहून गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरला व विजापूरला जात. बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद बांधणारा आदिलशाही सरदार असदखान हा 'लारी' म्हणवला जाई, तो इराणातल्या लार या गावावरून. इराणी स्वाराचा थाट आपल्या मुलखाने युरोपच्या कितीतरी आधी पाहिला होता.

युरोपला त्याचे दर्शन ठळकपणे घडले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. इराणचा शहा अब्बास पहिला (राज्यकाळ १५८८ ते १६२९) याला तुर्कांविरुद्ध युरोपातील राजांची मदत हवी होती. त्यासाठी १५९९ साली त्याने एक वकिलात पाठवली. ती रशियामार्गे प्रागला सम्राट रुडॉल्फच्या दरबारी आणि पुढे स्पेनपर्यंत गेली. मैत्रीचा करार काही साधला नाही. पण इराणी गोष्टींचे वेड मात्र युरोपला लागले. त्याच सुमारास तिथल्या उमराव पुरुषांच्या बुटांना टाच आली. घोडा, युद्ध आणि पौरुष यांचे तेज त्या टाचेला होते, म्हणूनच पुरुषांनी ती उचलली.

एकदा का उपयोगाची वस्तू प्रतिष्ठेची झाली, की तिचा उपयोग संपतो आणि उंची वाढते. टाचेचे तेच झाले. सतराव्या शतकातल्या चिखलाने भरलेल्या रस्त्यांवर उंच टाचांनी चालणे म्हणजे शिक्षाच. पण गंमत त्यातच होती. ज्याला चालावे लागत नाही, नांगर धरावा लागत नाही, ओझे वाहावे लागत नाही, त्यालाच असे बूट परवडणार. व्हर्सायच्या दरबारात लाल टाच हा खाशा सरदारांचा मान झाला. फ्रेंच भाषेत 'लाल टाच' हा शब्दच पुढे उमराव माणसासाठी रूढ झाला. केवळ उंच दिसण्यासाठी हा खटाटोप होता म्हणावे, तर इंग्लंडचा दुसरा चार्ल्स सहा फुटांहून उंच होता. राजवेषातील चित्रात तोही टाचांचे बूट घालूनच बसला आहे.

आपण याला फार हसू नये. पायताणावरून माणसाची पायरी ठरवण्यात आपणही कमी नव्हतो. वरच्या जातीच्या माणसासमोरून जाताना खालच्या मानलेल्या जातींच्या लोकांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, आणि 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण चामड्याबद्दल कमी आणि माणसांबद्दल अधिक वापरली. पायात काय घालावे हा प्रश्न पायाचा कधीच नव्हता. तो अधिकाराचा होता.

चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप, ऑर्लियाँचा ड्यूक, याची कथा तर या विषयात विसरता येण्यासारखीच नाही. त्याला दागिन्यांची, अत्तरांची, फितींची हौस. नृत्यसमारंभांत तो स्त्रीवेषही करी. त्याच्या बुटांच्या टाचा इतक्या उंच, की समकालीनांनाही त्याचे नवल वाटे. पण हाच फिलिप १६७७ साली कासेलच्या रणांगणावर फ्रेंच सैन्याच्या अग्रभागी उभा होता, आणि त्याने ऑरेंजचा विल्यम याचा सपशेल पराभव केला. हाच विल्यम पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला. त्या विजयानंतर राजाने भावाला पुन्हा सैन्याचे नेतृत्व दिले नाही. कारण टाचा नव्हत्या, कारण मत्सर होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. उंच टाचा आवडणारा पुरुष भित्रा किंवा नेभळट असतो, या समजुतीला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

मग ही टाच बायकांकडे गेली कशी? १६३० च्या सुमारास युरोपात काही हौशी स्त्रियांनी पुरुषी पोशाखाची नक्कल सुरू केली. केस आखूड केले, पुरुषी टोप्या घातल्या, चिलीम ओढली आणि पुरुषांच्या टाचाही घेतल्या. टाच घालणारी स्त्री त्या वेळी 'बायकी' नव्हे, 'पुरुषी' समजली जाई! काही दशके दोघांच्याही पायांत टाचा होत्या. पुढे पुरुषांची टाच रुंद आणि ठोकळ्यासारखी झाली, स्त्रियांची निमुळती. अठराव्या शतकात विवेकवादाचे वारे वाहू लागले. पुरुष हा बुद्धीचा, कामाचा आणि स्त्री ही भावनेची, शोभेची, अशी वाटणी विचारवंतांनी करून टाकली. रेशीम, फिती, रंग, टाचा हे सारे पुरुषाने सोडले आणि काळ्या-करड्या कपड्यांत तो शिरला. १७४० च्या सुमारास पुरुषांच्या पायांतून उंच टाच जवळजवळ नाहीशी झाली. जे. सी. फ्लूगल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली या घटनेला 'पुरुषांचा महान त्याग' असे नाव दिले. या त्यागाचे दुसरे नाव 'विस्मरण' असे द्यावे लागेल. कारण दोन पिढ्यांतच पुरुष विसरले की हे आपलेच होते.

हा बदल किती खोल होता हे कासेलच्या लढाईनंतर बरोबर शंभर वर्षांनी दिसले. शेव्हालिए देओं (१७२८ ते १८१०) हे फ्रान्सच्या घोडदळातले कप्तान, नामांकित तलवारबहाद्दर आणि राजाचे गुप्तहेर. १७६३ च्या तहाच्या वाटाघाटींतल्या कामगिरीबद्दल त्यांना संत लुईचा क्रॉस मिळाला होता. ते पुरुष की स्त्री, यावर लंडनमध्ये लोक पैजा लावत. 'आपण जन्माने स्त्रीच आहोत' असे त्यांनी सांगितले, आणि १७७७ साली सोळाव्या लुईने त्यांना गणवेष उतरवून स्त्रीवेषातच राहण्याची आज्ञा केली. गणवेष ठेवू द्यावा म्हणून त्यांनी केलेली विनंती फेटाळली गेली. १७८७ साली लंडनमध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्त्रीवेषातच त्यांनी युवराजासमोर तलवारीचा सामना केला. दारिद्र्यात मृत्यू आल्यावर डॉक्टरांनी देह तपासला, तो पुरुषाचा निघाला. १६७७ मध्ये राजाचा भाऊ युद्ध जिंकून संध्याकाळी हवे ते नेसू शकत होता. १७७७ मध्ये माणसाने दोन्हींपैकी एक खण निवडलाच पाहिजे, असा राजाचा हुकूम निघाला.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर स्त्रियांच्या पायांतूनही टाच काही काळ गेली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती परत आली, पण फक्त स्त्रियांसाठी. १९५० च्या दशकात टाचेच्या आत पोलादी सळई घालण्याची युक्ती निघाली आणि सुईसारखी बारीक टाच शक्य झाली. पुरुषाला मात्र टाच पूर्ण वर्ज्य झाली असेही नाही. अमेरिकन गुराख्याच्या बुटाला टाच आहे, तिला कोणी हसत नाही. कारण शेजारी घोडा आहे. १९७० च्या दशकात बेलबॉटम आली तेव्हा जाड तळाचे, उंच टाचांचे बूट घातलेले तरुण बेळगावच्या खडेबाजारातही दिसत. माझ्या धाकट्या काकांचा असा एक तपकिरी जोड माळ्यावर कित्येक वर्षे होता. त्या काकांना कोणी बायकी म्हटल्याचे मला आठवत नाही. चार जणांनी मिळून घातली की ती फॅशन, एकट्याने घातली की ते वेड, एवढाच काय तो फरक.

पण असे एकटे पुरुष सर्वत्र असतात. त्यांतले पुष्कळसे संसारी, नोकरदार, चारचौघांसारखे असतात. फक्त उंच टाचेचा बूट त्यांना मनापासून आवडतो. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर हा पिढ्यान्‌पिढ्या बूट करणाऱ्या कारागिरांचा प्रांत. १९९० च्या दशकात धंदा बसू लागला तेव्हा तिथल्या एका जुन्या कारखान्याने पुरुषांच्या मापाचे, स्त्रियांच्या घाटाचे बूट काढले. काम सोपे नव्हते. पुरुषाचे पाऊल रुंद, वजन जास्त. बायकांच्या साच्यावर ते बसत नाही आणि बारीक टाच मोडते. साचा नवा, टाच मजबूत, असे सगळे नव्याने करावे लागले. या घटनेवरून २००५ साली 'किंकी बूट्स' हा चित्रपट निघाला आणि २०१३ साली त्याच्यावरच्या संगीत नाटकाला अमेरिकेतला टोनी पुरस्कार मिळाला. अथणी-निपाणीकडच्या आपल्या चप्पल कारागिरांना यातले मर्म चटकन कळेल. गिऱ्हाइकाचा पाय पाहून साचा करायचा असतो. साच्यासाठी पाय कापायचा नसतो.

दुसरी बाजूही पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या एका कचेरीत स्वागतिकेच्या कामावर आलेल्या तरुणीने उंच टाचा घालण्यास नकार दिला, म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवले गेले. तिच्या अर्जावर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर चर्चा झाली. तीन इंच टाच न घातल्याबद्दल स्त्रीला शिक्षा आणि तीच टाच घातल्याबद्दल पुरुषाची टवाळी! टाच तीच, न्याय दोन.

हे सारे परदेशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत रंगभूमी उभी केली, तीवर नायिका पुरुषच होते. बालगंधर्वांची (१८८८ ते १९६७) साडीची नेसण पाहून घरंदाज स्त्रिया तशी साडी नेसू लागल्या. सौंदत्तीच्या डोंगरावर साडी नेसून, डोक्यावर जग घेऊन येणाऱ्या जोगत्यांच्या पाया पडणारी माणसे मराठीही आहेत आणि कानडीही. रंगमंचावर टाळ्या, डोंगरावर नमस्कार, आणि गल्लीत मात्र खडा! सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात पोशाखातून स्वतःची ओळख व्यक्त करणे हा घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. कायदा तिथवर पोचला. गल्ली अजून पोचायची आहे.

हे मी पुस्तकातले बोलत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतल्या एका मुलाने मडमेचे काम केले. बहिणीचे उंच टाचांचे बूट घालून तो असा सफाईने चालला, की प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे तेच बूट तो घरीही घालतो, ही बातमी शेजारच्या पोराने वर्गात आणली. 'बायल्या' आणि 'हेण्णिग', दोन्ही भाषांतले शब्द त्याच्या वहीवर लिहिले गेले. एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या दोन भाषांच्या पोरांचे इथे मात्र झाले. अकरा दिवस मुलगा शाळेत आला नाही. मी घरी गेलो. पिठाच्या गिरणीवरून उठून आलेले त्याचे वडील म्हणाले, "सर, नाक कापलं बघा आमचं." मी त्यांना इराणी स्वार आणि फ्रान्सचा राजा सांगितला. ते निमूट ऐकत होते. शेवटी एकच प्रश्न विचारला, "तो राजा घोड्यावर बसायचा काय?" म्हटले, बसायचा, लढायांवरही जायचा. "मग असू दे," ते म्हणाले, आणि मुलाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर मी टाचेचा इतिहास शिकवला, कोणाचे नाव न घेता. चेष्टा पूर्ण थांबली असे म्हणणार नाही. पण वहीवरचे शब्द बंद झाले. मुलगा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. सध्या हुबळीला डिप्लोमा करतो, सुट्टीत आला की भेटून जातो. तो ते बूट अजून घालतो की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही. विचारण्याचे काही कारणही नाही.