सामान्यनाम : इंग्रजी उदाहरणवाक्यांतील वापर

एकाच जातीच्या सर्व व्यक्तींना, वस्तूंना वा स्थळांना लागू पडणारे नाम म्हणजे सामान्यनाम. अंधेरी, मुलुंड ही विशेषनामे. स्टेशन, पूल, रिक्षा ही सामान्यनामे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचले. शालेय मराठी व्याकरण आजही बरेचसे त्याच वळणाचे असल्याने ही व्याख्या दोन्ही भाषांत सारखीच वाटते. अडचण येते ती वाक्यात.

‘मी स्टेशनवर आहे’ हे मराठीत पूर्ण आहे. ‘आय ॲम ॲट स्टेशन’ मात्र अपुरे. तिथे ‘ॲट द स्टेशन’ हवे. मोजता येणारे सामान्यनाम एकवचनात असले, की इंग्रजी त्याला सहसा एकटे सोडत नाही. आधी अ, ॲन, द, माय, धिस यांपैकी काहीतरी लागतेच. गावाचे नाव जोडले की ‘ॲट घाटकोपर स्टेशन’, आणि ‘द’ गळतो. ‘बाय ट्रेन’मध्येही तो नाही, कारण तिथे ठरावीक गाडी नव्हे, प्रवासाचा प्रकार अभिप्रेत असतो. मुलगी शिकायला जाते ती ‘टू स्कूल’. तिची आई पालकसभेला जाते ती ‘टू द स्कूल’. बोरिवलीकरांच्या तोंडी ‘नॅशनल पार्क’ हे विशेषनामच झाले आहे. परगावच्या वाचकासाठी लिहिताना ‘संजय गांधी नॅशनल पार्क’ असे पूर्ण नाव द्यावे, पुढच्या उल्लेखात ‘द पार्क’ पुरते.

अनेकवचनात चूक होते त्याचे मूळही मराठीत आहे. एक दगड, चार दगड. एक प्लॅटफॉर्म, चार प्लॅटफॉर्म. मराठीत अशा नामांचे रूप तेच राहते. म्हणून ‘फोर प्लॅटफॉर्म’ असे लिहिले जाते आणि शेवटचा ‘स’ राहून जातो.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते न मोजता येणाऱ्या नामांकडे. माहिती मराठीतही मोजत नाहीत, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ फारसे अडत नाही. पण सल्ले आणि बातम्या आपण मोजतो, म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘टू न्यूज’ अशी चुकीची रूपे होतात. बरोबर रूपे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ आणि ‘टू न्यूज आयटम्स’. दुकानात ‘एक ब्रेड द्या’ चालते. इंग्रजीत ‘अ लोफ ऑफ ब्रेड’. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, ‘हेअर्स’ नव्हे. लोकलमधले ‘पब्लिक’ इंग्रजी वाक्यात ‘पीपल’ होते : ‘देअर वेअर टू मेनी पीपल इन द ट्रेन’. उलट, हॉटेलात ‘टू कॉफीज’ म्हणणे इंग्रजीला मान्य आहे, कारण तिथे मोजले जातात ते कप.

म्हणूनच काऊ, रिव्हर, बॉय अशी सुट्या शब्दांची यादी पाठ करून घेण्याचा फारसा उपयोग होत नाही. विद्यार्थ्याला प्रत्येक नाम त्याच्या आधीच्या शब्दासकट आणि वाक्यातच भेटायला हवे. ‘देअर इज अ ब्रिज निअर माय हाउस. द ब्रिज इज क्लोज्ड.’ पहिल्या वाक्यात पूल ऐकणाऱ्याला नवा, म्हणून ‘अ’. दुसऱ्यात तो ओळखीचा झाला, म्हणून ‘द’. एकच वाक्य दिले असते तर हा फरक दिसलाच नसता.

अ की ॲन हे पुढच्या अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते : ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘ॲन अवर’, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात शिकणारी मुलगी ‘ॲन एसएनडीटी स्टुडंट’.