छावणीतील चामडे

आमच्या इतिहासग्रंथांत पावसाळा येतो तो एका वाक्यापुरता. लष्कर छावणीस गेले, एवढे लिहिले की लेखक दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची वाट पाहू लागतो. मधल्या चार महिन्यांत त्या लष्कराच्या सामानाचे काय होत असे? आज आम्ही हीच चौकशी करणार आहोत, आणि तीही घोड्याच्या जिनावर चढणाऱ्या बुरशीच्या निमित्ताने. विषय क्षुद्र वाटेल, पण स्वाराच्या जिवाशी त्याची गाठ आहे.

सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत छावणीची व्यवस्था सांगितली आहे. दाणा, रतीब, औषधे यांचा साठा करावा, घोड्यांसाठी व माणसांसाठी घरे गवताने शाकारून ठेवावीत. चिपळूणजवळ हलवर्ण येथील लष्करी अंमलदारांना १६७० नंतरच्या दशकात गेलेले शिवाजीमहाराजांचे पत्र तर सर्वांच्या परिचयाचे आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेतील आणि गवत पेटेल, इतका बारीक विचार त्यात आहे. पुढे १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दारू व बाण यांना सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, असे बजावले. ओल हा राज्याचा शत्रू आहे हे त्या पिढीने पुरते ओळखले होते.

चामड्याला मात्र दारूसारखे ऊन देऊन भागत नाही. बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावले म्हणून कातडे कुजावयाचे थांबते. परंतु त्यातील चरबी, वरून चोळलेले तेल आणि घोड्याचा घाम यांवर बुरशी खुशाल पोसते. हवेतील आर्द्रता शेकडा ७० च्या वर दीर्घकाळ राहिली की पांढरी-हिरवट लव दिसू लागते. लव वर दिसते, धागे आत शिरतात. शिवणीचा दोरा तर चामड्याच्याही आधी कुजतो. मग भर दौडीत तंग किंवा रिकिबीची वादी तुटली, तर स्वाराचे शौर्य काय कामाचे?

उपाय साधा, पण सतत करावयाचा. लव उघड्या हवेत झाडावी. तबेल्यात झाडली तर तिचे बीज शेजारच्या सामानावर जाऊन बसते. नंतर सामान किंचित ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर, पण सावलीत वाळवावे. कडक उन्हात किंवा चुलीशी ठेवलेले चामडे तडकते. पुरते वाळल्यावर तेलाचा पातळ हात द्यावा. सढळपणे तेल ओतणाऱ्याने बुरशीलाच रतीब लावला म्हणावयाचे. पट्टे कड्यांतून सोडवून खुंटीवर मोकळे टांगावेत, पेटीत कोंडू नयेत. आजच्या वस्तुसंग्रहालयांत हवा कोरडी राखणारी यंत्रे असतात, तत्त्व तेच.

आमच्या स्वारांपाशी खोगीरही असे. त्यात चिंध्या व टाकाऊ जिनसा भरीत. 'खोगीरभरती' हा शब्द आपण आज निरुपयोगी माणसांना लावतो, आणि तसे करताना त्या भरतीवर बेइमानी करतो असे आम्हांस वाटते. कारण घोड्याची पाठ सोलून निघण्यापासून वाचवीत असे ती हीच भरती.

असो. हे जीन शिवणारे, दुरुस्त करणारे हात कोणाचे? पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे सभासद नोंदवितो. जीन शिवणाराची दखल त्या हिशेबात नाही. जीनगर हे नावच जिनावरून पडले. पेशवाई संपली, पागा मोडल्या, आणि या कारागिरांनी इतर अनेक हुन्नर हाती घेतले. पण चामड्याला हात लावल्याचा डाग काही पुसला गेला नाही. १८७२ साली पुण्यातील न्हाव्यांनी जीनगरांची हजामत करण्याचे नाकारले. जीनगरांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. ती काढून टाकण्यात आली.