कुंभकोणमची अक्षरे

कावेरीच्या तीरावरील कुंभकोणम हे नगर मराठी माणसास परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि त्या प्रांतात मराठी कुटुंबे रुजली. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथील दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले. तमिळ, मोडी आणि बालबोध अशा तीन लिप्यांशी या प्रदेशाचा निकटचा परिचय होता. एकच नाव निरनिराळ्या लिप्यांत उतरविताना त्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच येथे जुना आहे. संगणकाने तो नव्याने उभा केला, इतकेच.

समजा, कुंभकोणमच्या एका नवशिक्या विद्यार्थ्याने संगणकासाठी एक लहानशी आज्ञावली लिहिली. गावाचे नाव घ्यावे, त्यातील अक्षरे मोजावी आणि नाव उलट क्रमाने लिहावे, एवढेच तिचे काम. इंग्रजी लिपीत ती बिनचूक चालते. देवनागरीत मात्र पाच अक्षरांच्या ‘कुंभकोणम्’ची गणती यंत्र नऊ सांगते. उलटे केलेले नाव तर वाचताच येत नाही. ‘को’चा ओकार ‘ण’ला जाऊन चिकटतो, ‘कुं’चा उकार व अनुस्वार ‘भ’च्या वाट्यास येतात आणि ‘म्’चा पायमोडका हलन्त आरंभीच निराधार लोंबतो.

विद्यार्थी प्रथम आपल्या आज्ञा तपासतो. त्या निर्दोष असतात. दोष त्याच्या गृहीतात आहे. आपण ज्यास एक अक्षर म्हणतो ते यंत्राच्या लेखी एक नसून, व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार व हलन्त या प्रत्येकास तेथे स्वतंत्र संकेतांक असतो. यंत्राने साठविलेले अंक एकाखाली एक मांडून पाहिले की हे रहस्य तत्काळ उलगडते. दोषशोधनाचा पहिला नियमच हा की, डोळ्यांना काय दिसते ते बाजूस ठेवून यंत्राजवळ वस्तुतः काय आहे ते पाहावे.

ही विभागणी मनमानी नाही. तमिळ व्याकरण व्यंजनास ‘मेय्’ म्हणजे देह आणि स्वरास ‘उयिर्’ म्हणजे प्राण म्हणते; दोहोंच्या संयोगास ‘उयिर्मेय्’ अशी संज्ञा आहे. स्वररहित व्यंजनावरील बिंदूचा उल्लेख प्राचीन ‘तोल्काप्पियम्’मध्येही आढळतो. नवशिक्याची आज्ञावली देहापासून प्राण वेगळा करते आणि तो दुसऱ्याच देहात घालते.

मुद्रणकलेने या संयोगाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. खिळे जुळविणारा ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी व ‘क’ मागाहून ठेवतो, कारण त्याचा क्रम डोळ्यांचा. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये आखलेल्या व १९९१ मध्ये सुधारलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीने मात्र उच्चाराचा क्रम पत्करला. त्यात व्यंजन आधी आणि स्वरचिन्ह नंतर. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’नेही भारतीय लिप्यांसाठी १९८८ च्या आराखड्याचाच आधार घेतला.

तरीही डोळ्यांचा क्रम पूर्णपणे गेला नाही. तमिळमध्ये ओकाराचे चिन्ह व्यंजनाच्या दोन्ही बाजूंस लिहिले जाते. युनिकोडात ते एका संकेतांकाने लिहिता येते आणि दोन तुकड्यांनीही. त्यामुळे तमिळ लिपीत सहा अक्षरांचे हे नाव एका ठिकाणी दहा, तर दुसऱ्या ठिकाणी अकरा संकेतांकांचे होऊ शकते. दोन्ही रूपे डोळ्यांना एकसारखीच दिसतात. यंत्र मात्र ती भिन्न ठरविते.

येथे हा खेळ राहत नाही. अशाच रीतीने ओकार असलेले एखाद्या वृद्धेचे नाव निवृत्तिवेतनाच्या यादीत एका रूपात आणि तिच्या अर्जात दुसऱ्या रूपात असेल, तर यंत्र ‘नाव आढळत नाही’ असे सांगेल. समोरचा लेखनिक कागद पुन्हा पुन्हा वाचील आणि त्यास कोणतीही चूक दिसणार नाही.

उपाय अवघड नाही. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच प्रमाणित रूपात आणावी. युनिकोडात त्यासाठी नियम ठरलेले आहेत. नाव मोजताना किंवा उलटताना सुटे संकेतांक न घेता, चिन्हांसह पूर्ण अक्षर हा घटक धरावा. एवढे केले की ‘कुंभकोणम्’ पुन्हा पाच अक्षरांचे होते आणि प्रत्येक मात्रा आपल्या व्यंजनापाशी राहते.

मराठी मूल ‘बाराखडी’ घोकते तेव्हा क, का, कि, की ही त्यास अखंड अक्षरेच वाटतात. हे ज्ञान यंत्रास उपजत नसते; ते त्यास शिकवावे लागते. शिकविणारा चुकला, तर त्या चुकीचे मूल्य ज्याचे नाव यादीतून गळले तो चुकवितो.