तालीम
आमच्या उर्दू शाळेत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द एकच, अरबीतून आलेला. कोल्हापुरात मात्र त्याला तिसराही अर्थ आहे: फुटबॉलचा संघ! परभणीहून रात्रभर प्रवास करून शाहू स्टेडियमवर पोहोचलो, तेव्हा मैदानात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम. दिलबहार! अस्सल फारसी नाव, आणि त्या नावाने घसा फोडणारी पोरे पेठेतली. पेठापेठांतल्या या कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉल संघ उभे केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढले, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. म्हणजे दोन्ही अर्थांच्या तालमीला आसरा दिला. आमच्याकडे पालक अजून विचारतात, ‘सर, खेळून काय होणार?’