परीक्षा दिली, पदवी नाही



आज अमेरिकेतल्या एका प्राध्यापक बाईंची हकिगत सांगणार आहे. त्यांचं नाव मेरी व्हिटन कॉल्किन्स. त्या तत्त्वज्ञान शिकवायच्या. तत्त्वज्ञान म्हणजे कीर्तन-प्रवचन नव्हे बरं का. ‘मी’ म्हणजे नेमकं कोण, चांगलं कशाला म्हणायचं, खरं कसं ओळखायचं, असल्या प्रश्नांचा मुळापासून विचार करायचा आणि तो दुसऱ्याला पटेल असा मांडायचा, हे त्यातलं काम. हे बायकांच्या डोक्याचं काम नाही, असं शिकलेसवरलेले लोकसुद्धा तेव्हा म्हणायचे.

मेरीबाईंचा जन्म १८६३ सालचा. आपल्या आनंदीबाई जोशी १८६५ च्या, म्हणजे दोघी एकाच पिढीच्या. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचं कॉलेज बायकांसाठी काढलेलं वेगळं कॉलेज होतं. मेरीबाईही स्मिथ नावाच्या बायकांच्या कॉलेजातूनच १८८५ साली पदवीधर झाल्या. तेव्हा तिकडे बऱ्याच ठिकाणी अशी सोय होती, की बायकांनी शिकायचं तर बायकांच्या कॉलेजात. हार्वर्डसारखी जुनी, नावाजलेली विद्यापीठं पुरुषांची.

शिक्षणानंतर मेरीबाईंना बॉस्टन शहराजवळच्या वेलस्ली कॉलेजात नोकरी लागली. हेही मुलींचंच कॉलेज आणि शिकवणाऱ्याही बहुतेक बायकाच. १८८७ पासून त्या ग्रीक भाषा शिकवू लागल्या. कॉलेजाला तेव्हा मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचा होता. तो तत्त्वज्ञानाच्याच खात्यात मोडायचा. तो शिकवणारी बाई मिळेना, म्हणून मेरीबाईंना विचारलं. अट एवढीच, की आधी वर्षभर तो विषय शिकून यायचं.

शिकायचं कुठे? जवळ होतं हार्वर्ड. तिथले विल्यम जेम्स आणि जोसाया रॉईस हे मोठे प्राध्यापक त्यांना वर्गात घ्यायला तयार होते. पण विद्यापीठाचे अध्यक्ष राजी नव्हते. पुरुषांच्या वर्गात बाई बसली तर कसं चालेल, ही त्यांची काळजी. मेरीबाईंच्या वडिलांनी अर्ज केला, वेलस्लीच्या अध्यक्ष बाईंनी पत्र दिलं. शेवटी १ ऑक्टोबर १८९० ला परवानगी मिळाली. मात्र कागदावर स्पष्ट लिहिलं, की या बाईंना बसू दिलं तरी त्यामुळे त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी ठरत नाहीत. ग्रामसभेत बसू द्यायचं पण हजेरीच्या वहीत नाव घालायचं नाही, तसला हा प्रकार.

जेम्स यांच्या वर्गात मेरीबाई धरून पाच जण होते. थोड्याच दिवसांत चारही पुरुष गळाले. ते का गेले याबद्दल तर्क पुष्कळ करता येतील, पण उरले ते गुरू आणि एक शिष्या. थंडीचे दिवस, ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका बाजूला जेम्स आणि दुसऱ्या बाजूला मेरीबाई. जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी छापून आला होता आणि तो त्या थेट त्यांच्याकडूनच शिकत होत्या. असं शिक्षण नाव नोंदलेल्या मुलांनाही मिळालं नाही.

१८९१ मध्ये त्या वेलस्लीला परतल्या आणि तिथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. मुलींच्या कॉलेजात अशी प्रयोगशाळा नवलाचीच होती. त्यांचा एक प्रयोग स्वप्नांचा होता. रात्री वेगवेगळ्या वेळेचा गजर लावायचा, दचकून उठायचं आणि पडलेलं स्वप्न लगेच कागदावर उतरवायचं. अशी आपली स्वतःची दोनशेच्या वर स्वप्नं त्यांनी लिहिली. त्यातून त्यांना दिसलं, की बहुतेक स्वप्नं आपल्या रोजच्या जगण्याशी, ओळखीच्या माणसांशीच जोडलेली असतात.

दुसरं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. जॅस्ट्रो नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून सुचतील ते शब्द भराभर लिहून घेतले होते. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं, की बायकांचं मन घरातल्या, जवळच्या, सजावटीच्या गोष्टींत रमतं आणि पुरुषांचं दूरच्या आणि उपयोगाच्या गोष्टींत. वेलस्लीत तोच प्रयोग पुन्हा केला, तर निकाल वेगळा आला. त्यावर मेरीबाईंनी मांडलं, की मुलगा आणि मुलगी यांना पाळण्यात असल्यापासून वेगवेगळं वाढवलं जातं. मग मोठेपणी दिसणारा फरक जन्माचा की वाढवण्याचा, हे तुम्ही वेगळं कसं काढणार? ही गोष्ट १८९५-९६ ची. आपल्याकडे ‘बायकांना आकडेमोड जमत नाही’ म्हणणारे अजून भेटतात, म्हणून मुद्दाम साल सांगितलं.

पुढे त्या पुन्हा हार्वर्डला गेल्या. आता म्युन्स्टरबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या स्मरणावर संशोधन केलं. एक रंग दाखवायचा, लगेच एक आकडा दाखवायचा. अशा बऱ्याच जोड्या झाल्या की नुसता रंग दाखवून विचारायचं, याच्याबरोबर कोणता आकडा होता? वारंवार दिसलेली जोडी सगळ्यांत पक्की लक्षात राहते, असं त्यांना आढळलं. ही जोड्यांची पद्धत पुढे मानसशास्त्रात रूढ झाली.

म्युन्स्टरबर्ग यांनी १८९४ साली विद्यापीठाला कळवलं, की यांना पीएच.डी.ला बसू द्या. उत्तर आलं, नाही. तरी मे १८९५ मध्ये प्राध्यापकांनी आपल्या जबाबदारीवर त्यांची तोंडी परीक्षा घेतली. जेम्स, रॉईस, म्युन्स्टरबर्ग असे सहा जण समोर बसले होते. सहाही जणांनी एकमताने लिहून दिलं, की पदवीला लागतं ते सगळं या बाईंनी पूर्ण केलं आहे. इतकी उत्तम परीक्षा हार्वर्डला झाली नव्हती, असंच जेम्स यांचं मत पडलं. विद्यापीठाने त्या कागदाची नोंद घेतली आणि पदवी नाकारली. कारण एकच, त्या बाई होत्या.

असं नुसतं अमेरिकेत होत होतं असं नाही. नाशिकला जन्मलेल्या कोर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून इंग्लंडला ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी.

मेरीबाईंच्या बाबतीत १९०२ साली एक मधला मार्ग निघाला. हार्वर्डच्या शेजारी बायकांसाठी रॅडक्लिफ कॉलेज होतं. ज्या चार बायकांनी हार्वर्डमध्ये काम पूर्ण केलं होतं, त्यांना रॅडक्लिफची पीएच.डी. द्यायची ठरली. तिघींनी घेतली. म्युन्स्टरबर्ग यांनीही आग्रह केला, की घ्या. मेरीबाईंनी नाही म्हणून कळवलं. त्यांनी पत्रात मान्य केलं, की पदवी नसल्यामुळे अधूनमधून अडचण होते. त्या तिघींबद्दलही आदराने लिहिलं. पण काम केलं हार्वर्डमध्ये, तर कागद दुसऱ्या घरचा का? आणि एकदा ही वेगळी सोय लागली की हार्वर्ड बायकांना कधीच पदवी देणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या तिघींना नावं ठेवणार नाही. कागदावाचून किती अडतं हे आपल्याला माहीत आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला शेतीचं कर्ज काढताना काय काय ऐकावं लागतं ते गटातल्या मैत्रिणींनी सोसलंय. मिळतंय ते घ्यावं, असं वाटलं तर चूक नाही. मेरीबाईंची नोकरी शाबूत होती, १८९८ पासून त्या पूर्ण प्राध्यापक होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण त्यांनी पदवी घेतली असती तर हार्वर्डचा हिशेब तिथेच मिटला असता. त्यांनी तो मिटू दिला नाही, याचं मला मोल वाटतं.

पदवीवाचून त्यांचं काम थांबलं नाही. ‘मी’ हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. मनाचे तुकडे करून अभ्यास करणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते. माणसाचं बाहेरचं वागणं तेवढं बघा, मन सोडून द्या, म्हणणारेही पुढे आले. मेरीबाई म्हणायच्या, भूक, राग, आठवण ही सुटी कधी नसते. ती कोणाची तरी असते. आणि हा ‘मी’ एकटा नसतो, तो दुसऱ्यांच्या नात्यात असतो. लोकांनी त्यांना जुन्या वळणाच्या म्हटलं, तरी त्या तेच लिहीत राहिल्या. त्यांचं तत्त्वज्ञानाच्या कायमच्या प्रश्नांवरचं पुस्तक १९०७ साली निघालं आणि त्याच्या पाच आवृत्त्या झाल्या. १९०५ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आणि १९१८ साली तत्त्वज्ञांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष केलं. दोन्हीकडे त्या पहिल्या महिला अध्यक्ष. न्यूयॉर्कच्या मोठ्या विद्यापीठातून बोलावणं आलं होतं, ते आईवडिलांना सोडून जायचं नाही म्हणून त्यांनी घेतलं नाही. लग्न केलं नाही. केलं असतं तर बहुधा नोकरी सुटली असती. वेलस्लीच्या आधीच्या एक अध्यक्ष बाई लग्न झाल्यावर पद सोडून गेल्या होत्या. त्यांचे यजमान पामर हे हार्वर्डचे प्राध्यापक, आणि मेरीबाईंची परीक्षा घेणाऱ्या सहांपैकी एक.

१९२७ साली हार्वर्डमध्ये शिकलेल्या काही नामवंतांनी विद्यापीठाकडे अर्ज केला, की आता तरी कॉल्किन्सबाईंना त्यांची पदवी द्या. पुन्हा नकार आला. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९३० साली कर्करोगाने वारल्या. रॅडक्लिफच्या मुलींना हार्वर्डच्या नावाची पदवी १९६३ पासून मिळू लागली. मेरीबाईंची पदवी विद्यापीठाने त्यानंतरही दिलेली नाही.